लेपर्ड गेको दर जानेवारीत जेवण सोडतो आणि मेमध्ये आ वासतो? पहाटे चारचं आणि रात्री अकराचं तापमान बघा

संक्रांत जवळ आली की मला दोन तऱ्हेचे फोन येतात. एक, तिळाच्या वड्या का पडत नाहीत म्हणून, आणि दुसरा, "काकू, आमचा गेको आठ दिवस झाले, काही खातच नाहीये." वड्यांचं उत्तर सोपं असतं, पाक चुकला. गेकोचंही बहुतेक वेळा तसंच, तापमान चुकलं. पण ते कुठे आणि किती वाजता चुकलं हे शोधायला मला स्वतःला तीन हिवाळे लागले, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आमची बुंदी लेपर्ड गेको आहे, म्हणजे काचेच्या पेटीत पाळायची ठिपक्यांची पाल. अंगावरच्या ठिपक्यांमुळे बुंदी. मुलाने बारावीत असताना हट्टाने आणली, मग तो पुण्याला शिकायला गेला आणि बुंदी, तिची पेटी आणि अळ्यांचा डबा माझ्या पदरात पडला. सासूबाई म्हणाल्या होत्या, "भिंतीवर फुकटच्या कमी आहेत म्हणून विकतची आणली?" आता त्याच दिवेलागणीला पेटीपाशी जाऊन "उठलीस का गं?" करतात. घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं, जुनं, दगडी. पेटी वरच्या मजल्यावर, मुलाच्याच खोलीत. घराचं हे वर्णन उगाच नाही, दोषाचा अर्धा भाग त्या दगडातच निघाला.

तक्रार दरवर्षी तीच. दिवाळीपर्यंत सगळं छान. नाताळच्या सुमारास खाणं कमी होतं, जानेवारीत बंद. एखाद्या दिवशी खाल्लेली अळी दुसऱ्या सकाळी जशीच्या तशी उलटून पडलेली दिसते. होळीच्या आसपास पुन्हा भूक लागते आणि आपल्याला वाटतं, सुटलो. मग मेच्या शेवटी, नवतपा लागला की दुसरं टोक: ती थंड बाजूच्या काचेला अंग लावून पडते, पोट जमिनीपासून उचललेलं, तोंड उघडं. या सगळ्या काळात थर्मोस्टॅटवरचा, म्हणजे ठरवलेल्या अंशांवर पेटीचा हीटर चालू-बंद करणाऱ्या यंत्रावरचा आकडा मात्र हिवाळ्यात ३२, दिवाळीत ३२, पाडव्यालाही ३२.

मी मुलाला फोन करायचे. तो विचारायचा, "आई, बत्तीस दाखवतंय ना? मग टेन्शन नको घेऊस." पुण्यात त्याच्या मित्राची पेटी याच सेटिंगवर वर्षभर मजेत चालते म्हणे. चालणारच. आमच्याकडे जानेवारीत पहाटे बाहेर ४-५ अंश असतात आणि मे-जूनमध्ये पारा ४५ ओलांडतो. एकाच आकड्याने दोन्ही टोकं सांभाळली जातात, या बोलण्यावर माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पेटीतल्या पालीला वाचवलं ते या दुसऱ्या पालीने.

आधी प्राण्याविषयी थोडं

लेपर्ड गेको हा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य कोपऱ्यातल्या कोरड्या, खडकाळ मुलखातला प्राणी. भिंतीवर चढत नाही, कारण त्याच्या बोटांना घरच्या पालीसारखे चिकटणारे तळवे नसतात. आणि घरच्या पालीला नसतात त्या पापण्या याला असतात. खेड्यातून येणारी मंडळी त्याला बिसखोपडा म्हणून घाबरतात. विष कुठल्याच गेकोला नसतं. सातपुड्यातही अशीच ठिपक्यांची एक पाल आहे, २०१४ मध्ये तिचं वेगळी जात म्हणून वर्णन झालं. ती काय किंवा आपल्या रानातली दुसरी कुठली काय, पकडून घरी आणायची नाही. तो वन्यजीव कायद्याचा विषय आहे, हौसेचा नाही.

तापमानाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की हा काही सरड्यासारखा उन्हात तासन्‌तास बसणारा नाही. दिवसभर कपारीत राहतो, कातरवेळी बाहेर येतो आणि दिवसा तापलेल्या दगडावर पोट टेकून ऊब घेतो. म्हणून त्याच्या बाबतीत हवेइतकाच, किंबहुना जास्त, जमिनीचा आकडा बघायचा. गरम बाजूच्या लपण्याच्या जागेत, पोट टेकतं तिथे ३२ ते ३४ अंश. थंड बाजूला २४ ते २७. रात्री हवा २०-२२ पर्यंत उतरली तर बिघडत नाही, उलट थोडी उतरावीच. धडधाकट मोठा गेको १८ सुद्धा सोसतो. त्याच्याही बरंच खाली गेलं की पचन मंदावत जवळजवळ थांबतं, आणि पोटात अन्न असेल तर ते तिथेच पडून राहतं. उलटून पडलेल्या अळीचा उलगडा तोच. वरच्या बाजूला, थंड कोपराच ३५ च्या पुढे गेला तर तिला पळायला जागा उरत नाही.

तापमान या प्राण्यात किती मुरलेलं आहे पाहा: अंडी २६ अंशांना उबवली तर जवळपास सगळ्या माद्या निघतात, ३२ च्या आसपास उबवली तर बहुतेक नर. जन्माआधीपासून ज्याचा हिशेब अंशांत चालतो, त्याला आपण "खोलीत गरम वाटतंय तर" अशा अंदाजाने सांभाळायला बघतो.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगते, कारण पुढचा प्रत्येक उपाय तिच्यावर बेतलेला आहे. एक थंड रात्र निभावते, एक तापलेला तास निभावत नाही. शंका असेल तेव्हा चूक थंडीच्या बाजूला करा.

आकडा खरा, जागा खोटी

पहिल्या दोन हिवाळ्यांत मी काचेला चिकटवलेल्या गोल काट्याच्या तापमापकावर विश्वास ठेवला. तो काचेचं तापमान सांगतो, आणि तेही ज्या उंचीवर चिकटवलाय तिथलं. गेको त्या उंचीवर कधी जातच नाही. मग मुलाने बंदुकीसारखा इन्फ्रारेड तापमापक पाठवला. तो दगडावर, मातीवर ठीक चालतो. चकचकीत पत्र्यावर धरला तर भलतंच सांगतो. शिवाय तो फक्त त्या क्षणाचं सांगतो. पेटी आपण बघतो संध्याकाळी सातला, बिघाड होतो पहाटे चारला.

खरा उलगडा झाला तो वायरवाल्या दोन साध्या डिजिटल तापमापकांनी. अट एकच: चोवीस तासांतला सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा लक्षात ठेवणारे हवेत. एकाचं टोक गरम बाजूला कोटा फरशीच्या तुकड्यावर, लपण्याच्या जागेच्या आत. दुसऱ्याचं थंड बाजूला. सकाळी उठून बघते तर थर्मोस्टॅट म्हणतोय ३२, फरशीवर रात्रीत २७.५ पर्यंत उतरलेलं, थंड बाजूला ११. खोलीत १०. म्हणजे ती बिचारी रात्रभर गरम कोपऱ्यात कुडकुडत बसत होती आणि बाहेर यायची सोय नव्हती.

थर्मोस्टॅट खोटं बोलत नव्हता. त्याचं तापमान मोजणारं टोक मी पेटीखालची हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) आणि काच यांच्या मध्ये दाबलेलं होतं, तिथे ३२ होतेच. पण मॅटची ऊब काचेतून, मग फरशीतून वर यायची आणि वरून थंड हवेत निघून जायची. ऑक्टोबरमध्ये खोलीत २७ असतात, तेव्हा मॅट ३२ आणि फरशीचा माथा ३१, फरक एका अंशाचा. जानेवारीत खोलीत १० झाले की वर जाणारी ऊब वाढते आणि तोच फरक साडेचार अंशांचा होतो. सेटिंग तेच, यंत्र तेच, फरक मात्र खोलीबरोबर बदलतो. दिवाळीत लावून दिलेली पेटी संक्रांतीला का बिघडते, याचं उत्तर एवढंच आहे.

दुरुस्ती: थर्मोस्टॅटचं टोक मॅटपाशी नको, गेकोचं पोट टेकतं त्या पृष्ठावर हवं. ते मत्स्यपेटीच्या सिलिकॉनने घट्ट बसवा आणि सिलिकॉन पूर्ण वाळेपर्यंत, एखाद-दोन दिवस, गेको बाहेर ठेवा. चिकटपट्टी पेटीत अजिबात वापरू नका, ती सुटून कातडीला चिकटते आणि सोडवताना कातडी येते. आता यात एक धोका आहे आणि तो मी भोगला. टोक जागेवरून निसटलं तर थर्मोस्टॅटला वाटतं सगळं थंड आहे, आणि तो मॅट पेटवतच राहतो. एका सकाळी फरशीला हात लावला तर चटका बसला, बुंदी पार दुसऱ्या टोकाला गेलेली. थंड बाजू रिकामी ठेवली होती म्हणून वाचली. तेव्हापासून मॅटच्या वायरीवर दुसरा स्वस्त थर्मोस्टॅट आहे. त्याचं टोक मॅटला चिकटलेलं आणि आकडा ४०. पहिला चुकला किंवा त्याचा रिले (आतली चालू-बंद करणारी कळ) चिकटून बसला, तरी दुसरा तोडतो. दोघांचा खर्च मिळून डॉक्टरच्या एका फेरीपेक्षा कमी.

पेटीची चढ काढा

हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त उपयोग याचाच होईल. पेटीला स्वतःचं तापमान नसतं. तिला खोलीवरची चढ असते. अमुक वॉटचा हीटर अमुक पेटीला खोलीपेक्षा इतके अंश वर नेऊ शकतो, बस. थर्मोस्टॅट ती चढ कमी करू शकतो, वाढवू शकत नाही.

ती काढायची रीत सोपी. गेकोला भोकं पाडलेल्या डब्यात, फडक्यावर, सुरक्षित जागी ठेवा. हीटर थर्मोस्टॅटशिवाय सरळ चालू करा आणि तीन-चार तास पेटीजवळच राहा; उठून बाजारात जाऊ नका. मग थंड बाजूच्या हवेचा आकडा आणि खोलीचा आकडा यांची वजाबाकी करा. माझी पेटी काचेची, वर जाळीचं झाकण. नुसत्या १४ वॉटच्या मॅटने हवेची चढ दोन अंशसुद्धा नव्हती. मॅट जमीन तापवते, हवा नाही. तिच्यावर वाळूचा जाड थर असेल तर जमीनही धड नाही, उलट खालची काच तापून तडकायची भीती. मग ६० वॉटचा सिरॅमिक हीटर लावला, उजेड न देणारा, बल्बसारखा दिसणारा. चढ सहा. मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचांना बाहेरून थर्मोकोल आणि जाळीचा दोन तृतीयांश भाग फरशीच्या तुकड्यांनी झाकला, तेव्हा चढ दहा. खोली १०, चढ १०, हवा २०. हिशेब जमला. नवीन हीटर विकत न घेता चार अंश मिळाले, कारण सगळी ऊब त्या जाळीतूनच उडून जात होती.

सिरॅमिक हीटरला चिनी मातीचा होल्डरच लागतो, प्लास्टिकचा वितळतो. हीटरच्या वितभर अंतरात थर्मोकोल, कापड, गोधडी काही नको. आणि तो पेटीच्या आत टांगायचा असेल तर भोवती जाळी हवी. गेको चढत नाही असं म्हणतात खरं, पण लाकडाच्या ओंडक्यावरून बुंदी कुठवर जाते ते मी पाहिलं आहे.

गल्लीतल्या मिस्त्रीने मला दुसराच उपाय सुचवला होता: "दीदी, पंखे का रेगुलेटर लगा दो, काहे को इतना झंझट." पुष्कळ घरांत तसंच केलेलं असतं. रेग्युलेटरला खोलीचं काही कळत नाही. रात्री नऊला दोनवर बरोबर वाटलं, की पहाटे चारला ते कमी पडतं आणि दुपारी बाराला जास्त होतं. रेग्युलेटर म्हणजे दर तासाला उठून फिरवणारा माणूस हवा. तो मी नव्हे.

हिवाळ्याच्या रात्रीसाठी माझी आता घडी अशी बसली आहे. खालची फरशी रात्रभर २९-३० वर. हवा हळूहळू उतरू देते, पण २० च्या खाली सिरॅमिक हीटर सुरू होतो. दिवसा फरशी ३३. म्हणजे तिला रात्र थंडही मिळते आणि पोटाला ऊबही. आधी मी उलटं करायचे, रात्री सगळं बंद आणि सकाळी सगळं चालू, कारण कुठेतरी ऐकलं होतं की रात्री उतार हवा. उतार हवा, दरी नको.

जेवणाची वेळही बदलली. थंडीत सहाच्या सुमारास, तिन्हीसांजेला, दिवसाची ऊब अजून चालू असतानाच खायला देते आणि फरशी पुढे तीन-चार तास तरी दिवसाच्याच आकड्यावर ठेवते. रात्री दहाला खायला घालून अकराला ऊब कमी करणं म्हणजे अळी उलटायची सोय करणं. अळ्यांनाही थंडी वाजते हे विसरू नका. कोंड्यातल्या मीलवर्म गारठून निश्चल पडल्या असतील तर गेकोला त्या दिसतच नाहीत, आणि आपण म्हणतो खात नाही. त्यांचा डबा स्वयंपाकघरात ठेवा. सासूबाईंची परवानगी मिळवणं हा वेगळा लेख होईल.

खोलीच गरम ठेवता आली तर उत्तम. आम्ही मेळ्यातून तेलाचा हीटर आणला आहे. (ग्वाल्हेरचा मेळा १९०५ पासून ऐन थंडीत भरतो, निदान त्याच्या वेळेबद्दल आमची तक्रार नाही.) पण बंद खोलीत कोळशाची सिगडी चुकूनही नको. कार्बन मोनॉक्साइडला गेको आणि माणूस सारखेच.

मे: रात्री अकराचा दगड

थंडी सुटली की वाटतं आता काम फक्त पंख्याचं. पहिल्या उन्हाळ्यात मी दुपारी चारला फार काळजी घ्यायचे, पडदे, कूलर, सगळं. आणि बुंदी तोंड उघडायची रात्री अकराला. मला कळेना. तापमापकाचा सगळ्यात जास्त आकडा बघितला तेव्हा समजलं: खोली रात्री साडेदहा-अकराला सगळ्यात तापलेली होती, ३७. बाहेर गच्चीवर तेव्हा त्याहून कमी होतं.

आमच्याकडच्या जुन्या घरांचं छत दगडी पाट्यांचं असतं, पटिया म्हणतात. ती दिवसभर ऊन पिते आणि तो ताप आतल्या बाजूला पोचायला तिला काही तास लागतात. दुपारी खोली सुसह्य वाटते ती त्याच उशिरामुळे, आणि रात्री छताखाली तव्याखाली बसल्यासारखं वाटतं तेही त्याचमुळे. माणसं गच्चीत झोपायला जातात. पेटी कुठे जाणार?

पेटीतला थर्मोस्टॅट इथे काहीच करू शकत नाही. ३२ वर लावलेला थर्मोस्टॅट ३२ च्या वर गेल्यावर हीटर बंद करतो, पेटी गार करत नाही. हे वाक्य वाचायला बाळबोध वाटेल, मला दरवर्षी निदान दोन जण तरी सांगतात की "थर्मोस्टॅट आहे ना, मग कशी तापेल?" खोली ३७ असेल तर पेटी ३७, आणि वर दिवसाचा दिवा चालू असेल तर त्याची दोन-तीन अंशांची चढ वेगळी.

म्हणून हीटरची पिन काढायचा दिवस मी कॅलेंडरवर ठरवत नाही. खोलीचा चोवीस तासांतला सगळ्यात कमी आकडा सलग तीन दिवस २९ च्या वर राहिला की मॅट आणि सिरॅमिक दोन्ही प्लगमधून बाहेर. नुसतं सेटिंग कमी करून नाही, पिन काढून. दिवसाचा दिवा उजेडापुरता, आणि तोही गरम होणारा असेल तर साधी एलईडी.

मग पेटी हलवायची. वरच्या मजल्यावरून खालच्या, मधल्या, एकही भिंत उन्हाला न लागणाऱ्या खोलीत. आमच्याकडे त्याने सहा अंश उतरले. दुसऱ्या कुठल्याच उपायाने इतके नाहीत. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मानमंदिराचे दोन मजले जमिनीखाली आहेत. मानसिंह तोमराच्या काळातल्या माणसांना जे कळत होतं, ते मला पेटी उचलताना कळलं. जड होती, मुलगा पुण्याला होता, शेजारच्या भाऊजींना बोलवावं लागलं. आता अक्षय तृतीयेच्या आसपास दरवर्षी खाली आणि दसऱ्यानंतर वर, असा तिचा मुक्काम बदलतो.

कूलर चालतो, फार चांगला चालतो, कारण मेमध्ये आपली हवा कोरडी ठणठणीत असते. पण झोत पेटीवर नको आणि समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा कोंडतो. फुटलेल्या माठाची मोठी खापरी मी थंड बाजूला पालथी ठेवते आणि तिची पाठ दिवसातून दोनदा ओली करते. खापरीतून पाणी उडतं तसा आत गारवा होतो, माठात होतो तोच. बुंदी मेमध्ये तिथून हलत नाही. लाईट गेली आणि कूलर बंद पडला, तर फ्रीजरमधली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून थंड बाजूच्या जाळीवर ठेवायची. दोनेक तास निघतात.

तोंड उघडं, अंग सैल, हात लावला तरी प्रतिसाद नाही, असं दिसलं तर लगेच थंड खोलीत न्या. उथळ ताटलीत साध्या, कोमट म्हणता येणार नाही आणि गारही म्हणता येणार नाही अशा पाण्यात फक्त पाय आणि पोट बुडेल इतकंच ठेवा, डोकं वर धरून. बर्फाचं पाणी नको, फ्रीज तर अजिबात नको. आणि डॉक्टरला फोन त्याच वेळी करा, ती सावरेपर्यंत थांबून नाही.

पावसाळ्याबद्दल फार लिहायचं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कूलर बंद, ओली खापरी बंद, झाकण मोकळं. तेव्हा हवाच दमट असते; दमट आणि त्यात गारठा असं झालं की नाकाशी बुडबुडे येतात, श्वासाला टकटक आवाज येतो, आणि ते घरच्या उपायाचं काम राहत नाही.

लाल बल्ब आणि लाईट जाणे

बुंदीसोबत दुकानदाराने एक लाल बल्ब दिला होता. "रात्रभर लावा, त्यांना लाल दिसत नाही." दोन वर्षं लावला. गेकोंची नजर आपल्यापेक्षा अंधारात कितीतरी चांगली असते. २००४ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी हेल्मेट गेको या जातीवर प्रयोग करून दाखवलं, की आपल्याला सगळं राखाडी दिसतं अशा अंधुक चांदण्यातही तो रंग ओळखतो. अशा डोळ्यांपुढे रात्रभर बल्ब पेटता ठेवून वर "दिसत नाही" म्हणणं मला पटेना. रात्री ऊब हवी तर उजेडाशिवायची घ्या, रात्र काळी राहू द्या. बल्ब आता सासूबाईंच्या देवघरात आहे, नवरात्रात लागतो.

लाईट जाण्यावर एकच सांगते. घरचा इन्व्हर्टर स्वस्तातला, चौकोनी लहरीचा असेल, तर दिवा मंद-तेज करणारा थर्मोस्टॅट त्याच्यावर नीट चालत नाही. चालू-बंद करणारा साधा रिलेवाला चालतो. तो घ्या. आणि थंडीत तासा-दोन तासांसाठी लाईट गेली तर धावपळ करू नका. रबरी पिशवीत गरम पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून, काचेला बाहेरून टेकवा आणि पेटीवर गोधडी टाका. लाईट आल्यावर हीटर सुरू व्हायच्या आत ती गोधडी काढायची. हे मी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून पेटीवर चिकटवलं आहे, कारण लाईट पहाटे येते आणि घरातले सगळे झोपलेले असतात. त्याहून बरं म्हणजे गोधडी टाकतानाच हीटरची पिन काढून ठेवा.

सगळे आकडे बरोबर, तरी खात नाही

असंही होतं. मोठे गेको थंडीत, पेटी उबदार असली तरी, काही आठवडे कमी खातात किंवा सोडतात. दिवस लहान झाल्याचं त्यांना कळतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये मादी अंड्यांच्या तयारीत असेल तर तेव्हाही खात नाही, एकटी असली तरी. इथे तापमापक नाही, वजनकाटा बघायचा. स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये दाखवणारा डिजिटल काटा पुरतो, वर एक डबा ठेवायचा. दर रविवारी वजन. बुंदी ६१ ग्रॅमची आहे; उपासाच्या महिन्यात दोन-तीन ग्रॅम उतरते, शेपटी गुबगुबीतच राहते. तो तिचा चातुर्मास म्हणायचा आणि गप्प बसायचं. दहावा हिस्सा वजन गेलं, शेपटी मुळाशी बारीक झाली, किंवा उलटी दुसऱ्यांदा झाली, तर सरपटणारे प्राणी तपासणारा डॉक्टर शोधा. तो शोध आजारपणात सुरू करू नका, आजच नंबर लिहून ठेवा. आणि थंडीत नेताना डबा थर्मासच्या पिशवीत.

मला फोन करायचाच असेल, तर जरूर करा, पण हे जवळ ठेवून: काल रात्रीचा खोलीचा सगळ्यात कमी आकडा, फरशीच्या माथ्यावरचा सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त, थंड बाजूचे तसेच दोन, थर्मोस्टॅटचं टोक नक्की कुठे आहे, आणि गेल्या दोन रविवारची वजनं. परवाच एका मुलीने फोन केला, हे सगळं मोजायला घेतलं आणि अर्ध्या तासाने पुन्हा फोन आला, "काकू, राहू द्या, टोक पेटीच्या बाहेर लोंबत होतं."